दोन अंगठ्यांचा करार: जोडपं वेगळं झालं, भाडं कुणी भरायचं?

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला मी लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे घर ठरावीक मुदतीने भाड्याने देण्याचे करार नोंदवून देतो. बॅगेत लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं यंत्र, आणि दिवसभर या सोसायटीतून त्या सोसायटीत. मी वकील नाही. खाली जिथे कायद्याचं बोललोय तिथे ओळखीच्या एका वकील मॅडमना विचारून घेतलेलं आहे. माणसांची नावं दिलेली नाहीत, सोसायटी कुठली तेही सांगत नाही. आकडे मात्र जसेच्या तसे ठेवलेत, कारण भांडण शेवटी आकड्यांचंच होतं.

पार्श्वभूमी

नवरा चाकणकडच्या एका कारखान्यात क्वालिटीत, हातात साधारण ५४ हजार. बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन, ३२ हजार. मुलगी तेव्हा शिशुवर्गात. दोन बेडरूमचा फ्लॅट. मालक बँकेतून निवृत्त झालेले काका, त्याच आवारात पलीकडच्या इमारतीत राहणारे.

करार २२ महिन्यांचा, १ जून २०२३ ते ३१ मार्च २०२५. पहिले अकरा महिने २६,००० रुपये, मग पाच टक्के वाढ धरून २७,३००. डिपॉझिट एक लाख. कुठल्याही बाजूने एक महिन्याची नोटीस. भाडं पाच तारखेच्या आत.

करार आधी एकट्या नवऱ्याच्या नावे होणार होता. मी घरी गेलो तेव्हा ताईंनी सहज विचारलं, "दादा, मला पासपोर्टसाठी पत्त्याचा पुरावा लागणार आहे, हा चालेल का?" मी म्हटलं, तुमचंही नाव घालून टाकू की. एक अंगठा जास्त, खर्च तोच. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या धरलेल्या व्याजावर पाव टक्का, शहरात नोंदणी फी एक हजार. नाव एक असो की दोन, यात फरक पडत नाही. त्या घरात माझ्या तोंडून गेलेलं हे सगळ्यात महागाचं वाक्य.

ताईंचा अंगठा काही केल्या उमटेना. दिवसभर हातमोजे आणि सॅनिटायझर, कातडी गुळगुळीत झालेली. काकांचाही नाही, वयामुळे. मी नेहमीचा उपाय सांगितला: अंगठा केसांवरून फिरवा, जरासं तेल लागलं की यंत्र घेतं. काकांना केस फारसे नव्हते, त्यांनी कपाळावरून फिरवला. सगळे हसले. चौथ्या खेपेला ताईंचाही लागला, आणि त्या भाडेकरू क्रमांक दोन झाल्या.

अडचण

१४ जुलै २०२४ ला नवरा दोन बॅगा घेऊन मोशीला भावाकडे राहायला गेला. का, ते मी विचारलं नाही आणि इथे त्याची गरजही नाही. मारहाण नव्हती, दारू नव्हती. एवढंच कळलं की दोघांनाही परत एकत्र राहायचं नव्हतं.

जुलै आणि ऑगस्टचं भाडं त्याच्याच खात्यातून गेलं, बँकेला सूचना दिलेली होती म्हणून. १८ ऑगस्टला त्याचा मला फोन. "दादा, करारातून माझं नाव काढायला किती घ्याल?" मी तेव्हा दुसऱ्या एका घरी वेबकॅमसमोर एका आजींना सरळ बसवायच्या खटपटीत होतो. म्हटलं, नोंदवलेल्या करारातून नुसतं नाव निघत नाही, नवा करावा लागतो. सात महिने राहिलेत, कशाला खर्च करता? मालकांशी बोलून घ्या.

तो बोलला, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर. "काका, मी आता तिथे राहत नाही. माझं नाव करारातून काढावं आणि माझे डिपॉझिटचे ६० हजार परत करावेत." काकांनी उत्तरादाखल वर केलेल्या अंगठ्याचं चिन्ह धाडलं.

या अंगठ्याने पुढचे तीन महिने खाल्ले. नवऱ्याच्या लेखी तो होकार होता, मी सुटलो. काकांच्या लेखी त्याचा अर्थ "वाचलं". सप्टेंबरमध्ये नवऱ्याने बँकेची सूचना बंद केली. ५ तारीख गेली, १० गेली. काका ताईंकडे गेले. ताईंना भाडं थांबलंय हे तिथे दारात उभं राहून कळलं. सप्टेंबर गेला. ऑक्टोबरमध्ये त्यांनी जमवून १५,००० दिले. नोव्हेंबर उजाडला तेव्हा तीन महिन्यांचे ८१,९०० देय, त्यातले १५,००० आलेले, बाकी ६६,९००.

प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या जागी खरं वाटावं असं होतं. नवरा म्हणे, मी तिथलं पाणीसुद्धा पीत नाही, भावाला खर्चाचे ९ हजार देतो, गाडीचा हप्ता १४ हजार, दोन घरं कशी चालवू? ताई म्हणत, घर दोघांनी घेतलं, मुलगी दोघांची, तिचं वर्ष एप्रिलमध्ये संपतं, तोवर मी तिला हलवणार नाही. काका म्हणत, "अहो, मला त्यांच्या भांडणात पडायचंच नाही. पण भाडं कुणीतरी द्या ना!"

कागद काय म्हणत होता

१८७२ च्या करार कायद्याचं कलम ४३ सांगतं की दोघांनी मिळून वचन दिलं असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर समोरचा माणूस दोघांपैकी कुणा एकाकडूनही सगळं वसूल करू शकतो. ज्याने भरलं त्याने मग दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागायचा, आणि उलट काही ठरलेलं नसेल तर वाटा समान. म्हणजे काका पूर्ण ६६,९०० एकट्या ताईंकडे मागू शकत होते, किंवा एकट्या नवऱ्याकडे. घरात कोण झोपतं याच्याशी कागदाला घेणंदेणं नाही.

बरं, काकांचा तो अंगठा म्हणजे सुटका असं घटकाभर धरलं तर? मॅडमनी कलम ४४ काढून दाखवलं. समोरच्याने दोघांपैकी एकाला सोडलं म्हणून दुसरा सुटत नाही, आणि सुटलेलाही आपल्या जोडीदाराच्या देण्यातून सुटत नाही. नवऱ्याला हे वाचून दाखवलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला. काकांनी सोडलं तरी बायकोकडचा हिशेब उरतोच, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

समोर असलेले मार्ग

सगळ्यात सोपा होता काहीच न करण्याचा. मार्चपर्यंत रेटायचं आणि थकलेलं भाडं डिपॉझिटमधून कापू द्यायचं. काकांना हे चाललं असतं, पण हिशेब मांडला तर जानेवारीत डिपॉझिट शून्य. पुढे मार्च संपल्यावर ताई तिथेच राहिल्या असत्या, तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली मालक दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. आणि करारात नाव दोघांचं. हा मार्ग मी लगेच बाद केला.

दुसरा, नोटीस देऊन घर सोडणं. त्याच भागात एक बेडरूमचं घर १७-१८ हजारांत मिळत होतं. खरं सांगायचं तर मला हाच मार्ग पटत होता, ३२ हजारांच्या पगारात २७ हजारांचं घर बसत नाही. ताईंनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. मुलीचा बाप घरातून गेलाय, त्याच वर्षी घरही जाऊ देणार नाही. याच्यापुढे माझं गणित चाललं नाही आणि ते चालायला नकोच होतं.

तिसरा, कोर्ट. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळाच्या व्याख्येत एकत्र राहत्या घराचं भाडं न देणं स्पष्ट लिहिलेलं आहे, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. हात उचलला नसला तरी कायदा लागू शकतो. घर भाड्याचं असलं, एकट्या नवऱ्याच्या नावावर असलं, तरी ते एकत्र राहतं घर ठरतं, आणि कलम १९ खाली मॅजिस्ट्रेट नवऱ्याला भाडं भरायला सांगू शकतात. सर्वोच्च न्यायालयानेही २००५ मध्ये बी. पी. अचला आनंद यांच्या खटल्यात म्हटलंय की नवऱ्याने सोडून दिलेली, भाड्याच्या घरात राहणारी बायको मालकाच्या दाव्यात भाडेकरूच्या जागी उभी राहून लढू शकते. फक्त भाडेकरूच्या जबाबदाऱ्याही तिने पाळायच्या, आणि भाडेकरूहून जास्त हक्क तिला मिळत नाहीत. मॅडमनी हा मार्ग ताईंना नीट समजावला आणि बंद करू नका असंही सांगितलं. ताईंनी तो राखून ठेवला. दोघांना पुढे संमतीने घटस्फोट घ्यायचा होता, आधीच अर्ज टाकला तर संमती जाईल ही त्यांची भीती.

उरला चौथा: जुना करार तिघांच्या सहीने संपवायचा आणि ताईंच्या एकटीच्या नावे नवा करायचा. यात अडचण काकांची. बाजारात तसला फ्लॅट ३१ हजारांना जात होता. नवा करार म्हटला की नवा दर, त्यात एकट्या बाईचा पगार कमी. "उद्या तिनंही थांबवलं तर?" हा त्यांचा प्रश्न गैर नव्हता.

काय केलं

रविवार, १७ नोव्हेंबर २०२४. विधानसभेच्या मतदानाला तीन दिवस उरलेले, बाहेर प्रचाराच्या रिक्षा एकामागून एक. काकांच्या घरी बसलो. काका, ताई, ताईंचा धाकटा भाऊ, नवरा, मॅडम आणि मी. दर पाच मिनिटांनी कुणीतरी उमेदवार खिडकीतून आम्हाला विजयी करण्याची विनंती करत होता, तेवढा वेळ सगळे गप्प बसायचे. भांडण चढायला लागलं की नेमकी रिक्षा यायची. त्या रिक्षांचे माझ्यावर उपकार आहेत.

पहिली गाठ भाड्याची नव्हती, डिपॉझिटची निघाली. ताई म्हणाल्या, लाखातले ४० हजार माझे. आणि नवरा, ज्याने स्वतः ऑगस्टमध्ये "माझे ६०" असं लिहिलं होतं, तो आता म्हणाला की ते ४० हजार तिने फ्रिज आणि वॉशिंग मशीनसाठी दिलेले, तेव्हा ६० लिहिलं ते चुकून. करारात मीच लिहिलेलं होतं: एक लाख रुपये, एनईएफटी, नवऱ्याच्या खात्यातून, व्यवहार क्रमांकासह. ताईंच्या पैशाचा उल्लेख नाही. ताईंच्या मोबाईलमध्ये २९ मे २०२३ चा नवऱ्याला पाठवलेला ४० हजारांचा व्यवहार सापडला. शेऱ्याच्या जागी बदामाचं चित्र, बाकी काही नाही.

इथे काका कामाला आले. ते म्हणाले, "तुझं त्या महिन्याचं स्टेटमेंट दाखव." नवऱ्याने मोबाईलवर उघडून दिलं. काकांनी चष्मा कपाळावर सारला, मोबाईल नाकाशी नेला आणि बोट लावून ओळी वाचत गेले. २८ मेला खात्यात शिल्लक ७१ हजार आणि काही शे. २९ ला ४० हजार जमा. ३० ला एक लाख वजा. "हे चाळीस आले नसते तर तुझे लाख गेलेच नसते रे." बँकेतली सगळी वर्षं त्या एका वाक्यात होती. नवऱ्याने मान हलवली.

मग बाकीचं तासाभरात उरकलं. तीन महिन्यांचे ८१,९०० निम्मे निम्मे, प्रत्येकी ४०,९५०. नवऱ्याचे ६० हजारांच्या वाट्यातून कापून काकांनी १९,०५० परत करायचे. ताईंचे दिलेले १५,००० वजा जाता २५,९५० उरले, ते दोन हप्त्यांत. त्यांचे ४० हजार नव्या करारात डिपॉझिट म्हणून पुढे जाणार, वर २० हजार घालून ६०.

नव्या भाड्यावर काका ३१ वरून ३० वर आले आणि अडले. तोडगा भावाने काढला. तो एमपीएससीची तयारी करत सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत होता, महिना ४,५०० मोजून. म्हणाला, मी ताईकडे येतो, तेच पैसे घरात देतो. घरात आणखी एक मोठं माणूस येतंय म्हटल्यावर काका २८ हजारांवर राजी झाले. मुलीसाठी महिना १५,००० देण्याचं नवऱ्याने वेगळ्या कागदावर लिहून दिलं. पुढे पोटगीचा जो काही आदेश होईल त्यात हे धरलं जाईल, असं वाक्य मॅडमनी त्यात घातलं. भाड्याच्या कागदात ते मुद्दाम येऊ दिलं नाही. काकांच्या करारात बापाच्या जबाबदाऱ्या कोंबायचं कारण नाही.

जुना करार ३० नोव्हेंबरला संपवल्याचं पत्र मुद्रांकावर केलं. ऑक्टोबरपासून राज्यात शंभराचा मुद्रांक बंद होऊन पाचशेचा झालेला, त्याबद्दल सगळ्यांनी मला दोन शब्द ऐकवले, जणू मीच वाढवलाय. पत्रात तारीख, मीटरचं वाचन, कोणाचं किती देणं, कोणाला किती परत, आणि "यापुढे भाडेकरू क्रमांक एक यांच्यावर या घराचं कोणतंही देणं नाही" हे वाक्य. तिघांच्या सह्या, दोन साक्षीदार, नोटरी.

१ डिसेंबरपासून अकरा महिन्यांचा नवा करार. भाडेकरू ताई एकट्या. भाऊ "सोबत राहणारी व्यक्ती" म्हणून नोंदवला, भाडेकरू म्हणून नाही. त्याला विचारलं होतं मी, तुझंही नाव घालू का म्हणून, पण या वेळी त्या विचारण्याचा अर्थ आधी समजावून. लॉक-इन, म्हणजे घर सोडता येत नाही तो काळ, फक्त एप्रिल २०२५ अखेरपर्यंत ठेवला, शाळा संपली की ताईंना हलता यावं म्हणून. मुद्रांक, नोंदणी आणि हाताळणी शुल्क मिळून दोन हजारांच्या थोडं वर, माझी फी मी घेतली नाही. पोलिसांकडची भाडेकरूची माहितीही नव्याने भरली, जुन्या नोंदीत नवराच राहत असल्याचं दिसत होतं.

निष्पत्ती

ताईंनी एकही महिना चुकवला नाही. नवऱ्याचे १५,००० पाचपैकी दोनदा उशिरा आले, पण आले. एप्रिल संपल्यावर ताईंनी नोटीस दिली आणि ३१ मे २०२५ ला शाळेच्या जवळ एक बेडरूमच्या घरात गेल्या. काकांनी रंगाचे पाच हजार कापून ५५ हजार परत केले. जुलैमध्ये वेगळं राहण्याचं एक वर्ष भरल्यावर दोघांनी शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात संमतीचा अर्ज केला.

त्यांनी नोव्हेंबरमध्येच माझं ऐकून लहान घर घेतलं असतं, तर सहा महिन्यांत साठेक हजार वाचले असते. मी एकदा हे ताईंना बोललो. त्या म्हणाल्या, "दादा, ते साठ हजार तिच्या वर्षाची फी समजा."

वेगळं काय करता आलं असतं

नवऱ्याने निघाला त्या आठवड्यात लेखी नोटीस द्यायला हवी होती, काकांना आणि ताईंना दोघांनाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप पुरावा म्हणून चालू शकतो, पण त्याच्या उत्तराला आलेल्या चिन्हावर भाडं बंद करायचं नसतं. बँकेची सूचना गुपचूप थांबवली ही त्याची खरी चूक. आधी एक फोन केला असता, तर तीन महिने थकलेच नसते.

काकांनी सप्टेंबरच्या दहा तारखेलाच दोघांना एकत्र लिहायला हवं होतं. ते फक्त ताईंकडे गेले, कारण त्या दारापलीकडे होत्या. मोशीला कोण जाणार?

ताईंच्या बाजूने पाहिलं तर ऑक्टोबरचे १५ हजार त्यांनी रोख दिले आणि पावती घेतली नाही. काका सरळ माणूस म्हणून निभावलं.

आणि माझं. १८ ऑगस्टच्या फोनवर "कशाला खर्च करता" म्हणायच्या ऐवजी "संध्याकाळी दोघं या" म्हणायला हवं होतं. तेव्हा एक रुपयाही थकलेला नव्हता, काकांना विश्वास होता, दर वाढवायची भाषा नव्हती. दोन हजारांचा खर्च वाचवायला गेलो आणि तीन महिन्यांचा घोळ करून ठेवला.

त्यानंतर माझ्या मसुद्यात दोन गोष्टी वाढल्या. भाडेकरू दोन असतील तर एक कलम: एकाला निघायचं असल्यास त्याने मालकाला आणि दुसऱ्याला तीस दिवसांची लेखी नोटीस द्यायची, आणि नवा करार होईपर्यंत दोघांचीही जबाबदारी कायम. दुसरी गोष्ट डिपॉझिटची. पैसे एकाच खात्यातून गेले तरी त्यात कुणाचे किती, हे मी आता विचारून लिहितो.

नवीन लग्न झालेल्यांना हा प्रश्न आवडत नाही. मागच्या आठवड्यात वडगावात एक जण जरा चिडूनच म्हणाला, "दादा, आमचं काय वेगवेगळं आहे का? कशाला पाहिजे ते?"

मी म्हटलं, रकाना आहे, भरावा लागतो.

असा रकाना नाही. तो मान खाली घालून मोबाईलवर आकडे शोधायला लागला, आणि मी अंगठ्याचं यंत्र बॅगेतून काढलं.